गृहकर्ज दुसऱ्या बँकेत कसं न्यावं

चालू गृहकर्ज एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेण्याला बँकवाले ‘बॅलन्स ट्रान्सफर’ किंवा नुसतं ‘बीटी’ म्हणतात. कागदावर प्रकार सोपा आहे. नवी बँक जुन्या बँकेचं उरलेलं कर्ज एकरकमी फेडते, जुनी बँक घराचे मूळ कागद सोडते, ते नव्या बँकेच्या तिजोरीत जातात आणि हप्ता तिकडे सुरू होतो. पण यातून पैसे वाचतील की नाही, हे जाहिरातीतल्या व्याजदरावरून कळत नाही. तुमच्या कर्जावर आज बँकेचं मार्जिन किती आहे, मुदत किती उरली आहे आणि बदलताना ती वाढू दिलीत का, यावर ते ठरतं. सर्वांत जास्त नुकसान शेवटच्या गोष्टीतून होतं आणि त्याकडे लक्षही सगळ्यांत कमी जातं.

आधी स्वतःचं कर्ज वाचून काढा

बँकेच्या अॅपवरून किंवा शाखेतून कर्जखात्याचा गेल्या बारा महिन्यांचा उतारा काढा. त्यात चार गोष्टी पाहायच्या: उरलेलं मुद्दल, आजचा व्याजदर, उरलेल्या हप्त्यांची संख्या आणि तुमचा दर कशाला जोडलेला आहे.

उरलेल्या हप्त्यांचा आकडा अनेकांना धक्का देतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. तेव्हा बऱ्याच बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली. हप्ता बदलला नाही म्हणून कुणी फारसं लक्ष दिलं नाही आणि वीस वर्षांचं कर्ज पंचवीस वर्षांच्या पुढे गेलं. २०२५ मध्ये रेपो टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांपर्यंत उतरला, तेव्हा याच्या उलट झालं. अनेक खात्यांत हप्ता तोच राहिला आणि मुदत कमी झाली. त्यामुळे ‘दर उतरले तरी माझा हप्ता उतरला नाही, बँक फसवते’ असा निष्कर्ष काढण्याआधी उरलेली मुदत बघा.

दर कशाला जोडलेला आहे, हे कर्ज कधी घेतलं त्यावर अवलंबून असतं. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या मापदंडाला जोडणं सक्तीचं झालं. त्याआधी, एप्रिल २०१६ पासून ‘एमसीएलआर’ होता आणि त्याच्याही आधी, जुलै २०१० पासून ‘बेस रेट’. हे दोन्ही बँकेने स्वतः काढलेले मूळ दर. जुनी कर्जं आपोआप नव्या पद्धतीत गेलेली नाहीत. कर्जदाराने मागितलं तरच ती गेली. गृहवित्त कंपन्यांना, म्हणजे हाउसिंग फायनान्स कंपन्यांना, रेपोची ही सक्ती नाही. त्यांचा दर बहुधा त्यांच्या स्वतःच्या ‘पीएलआर’वर, म्हणजे कंपनीच्या मूळ दरावर चालतो, आणि तो कधी, किती हलवायचा हे कंपनीच ठरवते.

रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर दोन भागांचा असतो: मापदंड आणि त्यावरचा स्प्रेड, म्हणजे बँकेचं मार्जिन. मापदंड सगळ्यांना सारखा. तुमच्या कर्जात बदलून घेण्यासारखं काही असेल तर ते स्प्रेड. समजा रेपो ५.२५ आहे आणि तुमचा दर ८.७५ आहे, तर स्प्रेड ३.५० झाला. तीच बँक आज नव्या ग्राहकाला ७.७५ ने कर्ज देत असेल तर त्याचा स्प्रेड २.५०. दोन्ही ग्राहक त्याच बँकेचे, पण जुना ग्राहक दरवर्षी एक टक्का जास्त देतो. रेपो कितीही उतरला तरी हा एक टक्का तसाच राहतो. म्हणून तुलना दराशी करू नका, स्प्रेडशी करा. दर वर-खाली होत राहतात. स्प्रेड मात्र कर्जासोबत वर्षानुवर्षं चालतो.

घर सोडण्याआधी दार वाजवा

दुसरीकडे जाण्याआधी स्वतःच्या बँकेला विचारणं फायद्याचं असतं. शाखेत जाऊन, किंवा त्याहून बरं म्हणजे ईमेलने, एवढंच लिहा: माझ्या कर्जखात्याचा आजचा स्प्रेड किती आहे, नव्या ग्राहकाला तो किती आहे, आणि मला तो मिळण्यासाठी ‘रेट कन्व्हर्जन’ किंवा ‘स्प्रेड रिडक्शन’चं शुल्क किती? बेस रेट, एमसीएलआर किंवा पीएलआरवर असाल तर रेपोवर जाण्याचं शुल्कही विचारा. हे शुल्क काही ठिकाणी ठरावीक रकमेचं असतं, काही ठिकाणी उरलेल्या मुद्दलाच्या प्रमाणात. वर १८ टक्के जीएसटी.

शाखेतला माणूस ‘स्प्रेड बदलता येत नाही, तीन वर्षांचा नियम आहे’ असं सांगू शकतो. मूळ नियम तसा होता: कर्जदाराची पत खालावल्याशिवाय पतजोखमीचा भाग बदलायचा नाही आणि स्प्रेडचे बाकीचे घटक तीन वर्षांतून एकदाच बदलायचे. पण १ ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहक टिकवण्यासाठी हे बाकीचे घटक तीन वर्षांच्या आतही कमी करण्याची मुभा बँकांना मिळाली आहे. म्हणजे बँकेने ठरवलं तर ती देऊ शकते. दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र हातात असलं की हे ठरवणं बरंच लवकर होतं, हेही तितकंच खरं.

स्वतःच्याच बँकेत दर उतरवून मिळत असेल आणि नव्या बँकेपेक्षा फरक पाव टक्क्याच्या आत राहत असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: तिथेच थांबा. कागद हलत नाहीत, मुद्रांक शुल्क लागत नाही, वकील-मूल्यांकनाची फेरी नाही.

हिशेब: हप्त्याचा नको, व्याजाचा करा

एक उदाहरण घेऊ. उरलेलं मुद्दल ४० लाख, उरलेली मुदत १५ वर्षं, आजचा दर ८.७५, नवा दर ७.७५.

आजचा हप्ता ३९,९७८ रुपये. नव्या बँकेत १५ वर्षांसाठीच घेतलं तर ३७,६५१. महिन्याला २,३२७ रुपये कमी आणि पूर्ण मुदतीत सुमारे ४ लाख १९ हजारांची बचत.

आता दुसरी वाट. नव्या बँकेत दर ७.७५, पण हप्ता आजचाच, म्हणजे ३९,९७८ ठेवायचा. कर्ज १८० ऐवजी १६२ हप्त्यांत संपतं आणि बचत जाते सुमारे ७ लाख ४४ हजारांवर. खिशातून महिन्याला आज जेवढे जातात तेवढेच जातात, वेगळं काहीच करावं लागत नाही.

आणि ही तिसरी वाट, जी एजंट सगळ्यांत आधी दाखवतो: ‘सर, मुदत पुन्हा २० वर्षं करू, हप्ता थेट ३२,८३८ वर येईल.’ महिन्याला सात हजारांहून जास्त सुटतात, ऐकायला गोड वाटतं. पण २४० हप्त्यांची बेरीज ७८ लाख ८१ हजार होते. आज आहे त्याच बँकेत, त्याच महाग दराने राहिलात तर उरलेल्या १८० हप्त्यांची बेरीज ७१ लाख ९६ हजार आहे. व्याजदर एक टक्क्याने उतरवून तुम्ही ६ लाख ८५ हजार रुपये जास्त भरता. घरात खरोखर पैशाची ओढाताण असेल आणि हप्ता कमी करणं भागच असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही हे कळून-सवरून करावं, ‘बचत झाली’ असं समजून नाही.

अर्जावर मुदतीचा रकाना असतो. तिथे वर्षं लिहू नका, उरलेले महिने लिहा. बँका गोल आकड्यात मुदत भरतात. १६२ हप्ते हवे असतील तर १६२ लिहून घ्या, नाहीतर १८० करून हप्त्यातला फरक दरमहा जास्तीचा भरण्याची सोय आहे का ते विचारा. बदलत्या दराच्या गृहकर्जात जास्तीची रक्कम भरायला दंड नाही, त्यामुळे ही वाटही चालते. फक्त ती शिस्त पाळावी लागते.

आता खर्च. याच ४० लाखांच्या कर्जाला महाराष्ट्रात साधारण असा येईल: प्रोसेसिंग फी समजा १०,००० आणि त्यावर जीएसटी १,८००, वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन मिळून ६,०००, कागद तारण ठेवल्याचं मुद्रांक शुल्क ०.३ टक्के धरलं तर १२,०००. दुय्यम निबंधकाकडे नोटीस दाखल करणं, ‘सरसाय’ या तारणांच्या मध्यवर्ती नोंदणीतली नोंद वगैरे किरकोळ २,०००. एकूण ३१,८००.

हा खर्च किती दिवसांत भरून निघतो, हे बघताना लोक त्याला हप्त्यातल्या फरकाने, २,३२७ ने, भागतात आणि १४ महिने काढतात. ते बरोबर नाही, कारण हप्त्यात मुद्दलही असतं. खरी बचत व्याजाची. पहिल्या महिन्याचं व्याज जुन्या दराने २९,१६७ आणि नव्या दराने २५,८३३, म्हणजे ३,३३३ चा फरक. त्याने भागलं तर साडेनऊ महिने. दरातला फरक अर्ध्या टक्क्याचा असता तर हाच खर्च भरून यायला १९ महिने लागले असते. दीड वर्षाच्या पुढे जात असेल तर पुन्हा विचार करा. मधल्या काळात घर विकायचं किंवा कर्ज मोठ्या रकमेने फेडायचं डोक्यात असेल तर करूच नका.

कर्जाची शेवटची चार-पाच वर्षं उरली असतील तर बीटीच्या भानगडीत पडण्यात अर्थ नसतो. व्याजाचा मोठा भाग आधीच भरून झालेला असतो. त्यापेक्षा तेच ३०-३२ हजार मुद्दलात टाका.

नवी बँक काय बघते

नव्या बँकेच्या दृष्टीने हे नवंच कर्ज आहे. तुम्ही जुन्या बँकेचे दहा वर्षं चांगले ग्राहक होतात, याचा उपयोग फक्त उताऱ्यापुरता. गेल्या बारा महिन्यांत एकही हप्ता चुकलेला किंवा परत गेलेला नको. पगारदाराला तीन महिन्यांच्या पगारस्लिपा, दोन वर्षांचे फॉर्म १६, पगार जमा होणाऱ्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा. व्यावसायिकाला दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, ताळेबंद आणि जीएसटीचे कागद. घराचे सगळे सहमालक सहकर्जदार म्हणून लागतात. भाऊ परदेशात असेल किंवा सहमालक वारलेला असेल तर हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, बँकेत गेल्यावर नाही.

क्रेडिट स्कोअर ३०० ते ९०० च्या पट्टीवर असतो आणि बहुतेक बँकांचा सर्वांत खालचा दर वरच्या स्कोअरवाल्यांनाच मिळतो. जाहिरातीतलं ‘७.३५ पासून’ मधलं ‘पासून’ इथे कळतं. चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षाला एकेक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो अर्जाआधी काढा आणि बंद झालेलं जुनं क्रेडिट कार्ड किंवा फेडलेलं वाहनकर्ज अजून चालू दिसतंय का ते पाहा. चूक दिसली तर आधी ती दुरुस्त करून घ्या. एकाच आठवड्यात पाच-सहा बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते. दर विचारायला अर्ज लागत नाही. अर्ज फार तर दोन ठिकाणी करा.

एजंटाकडून, म्हणजे डीएसएकडून, गेलात तर त्याचं कमिशन बँक देते, तुम्ही वेगळे पैसे द्यायचे नसतात. कागदांच्या प्रतींवर सही करताना ‘फक्त अमुक बँकेच्या गृहकर्जासाठी’ असं लिहून तारीख टाका. ही सवय कायमची चांगली.

घराचे कागद: इथे घोडं अडतं

उत्पन्नाच्या कागदांवरून बीटी क्वचित अडतं. अडतं ते घराच्या कागदांवरून, कारण मूळ कागद जुन्या बँकेत असतात आणि तुमच्याकडच्या झेरॉक्स अर्धवट असतात.

जुन्या बँकेकडून सगळ्यात आधी मागायची ती ‘एलओडी’, म्हणजे तिच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी. ती हातात आली की एकेक ओळ वाचा. नोंदणीकृत करारनामा आहे का, त्यासोबत नोंदणीची पावती आणि सूची-२ (इंडेक्स-२, म्हणजे नोंदणीचा उतारा) आहे का, आधीच्या मालकांचे करार मूळ आहेत की झेरॉक्स, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर झालं होतं का, बिल्डरला दिलेल्या रकमांच्या पावत्या आहेत का. यादीत ‘प्रत’ लिहिलंय की ‘मूळ’, हा एक शब्द महत्त्वाचा आहे. नवी बँक ‘मूळ’ मागणार आणि जुन्या यादीत ‘प्रत’ असेल तर तो कागद कुठे गेला याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. आधीच्या मालकाचा करार हरवलेला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल, असा रस्ता असतो. त्याला वेळ लागतो आणि काही बँकांचे वकील तरीही मान्य करत नाहीत. हे मंजुरीआधी विचारून घ्या.

याखेरीज सोसायटीचं ना-हरकत पत्र, मालमत्ता कराची ताजी पावती, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र लागतं. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीतलं कर्ज एखाद्या बँकेने कधीतरी दिलं असलं, तरी दुसरी बँक ते उचलेलच असं नाही. सोसायटी पुनर्विकासाला निघाली असेल आणि विकासकाशी करार झाला असेल, तर बीटीची आशा जवळपास सोडा. जी इमारत पाडायची आहे तिचं तारण कोण घेणार?

कर्जाची रक्कम घराच्या किमतीच्या किती टक्के, यालाही मर्यादा आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८०, त्यावर ७५. नुसत्या बीटीला बहुधा यात अडचण येत नाही, कारण मुद्दल कमी झालेलं असतं. सोबत टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, मागितला की हा हिशेब पुढे येतो. टॉप-अपचा दर वेगळा असू शकतो, तो स्वतंत्र विचारा. आणि मुलाच्या दुचाकीसाठी पंधरा वर्षांचा टॉप-अप घेऊ नका.

मंजुरीपत्र आणि ‘केएफएस’

१ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ (केएफएस), म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक, देणं बंधनकारक आहे. करारावर सही करण्याआधी ते मागा आणि घरी नेऊन वाचा. त्यात ‘एपीआर’ असतो, म्हणजे सगळे शुल्क धरून पडणारा वार्षिक दर. दोन बँकांची तुलना याच आकड्यावर करा. त्या पत्रात नसलेलं शुल्क बँक तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावू शकत नाही.

तीन ओळी बोट ठेवून वाचायच्या. एक, दर मापदंड अधिक स्प्रेड असा फोडून लिहिला आहे का, आणि दर किती महिन्यांनी बदलणार. रेपोवरच्या कर्जात तो निदान तीन महिन्यांतून एकदा बदलायलाच हवा. दोन, हा दर किती काळाचा. काही कर्जांत पहिली दोन-तीन वर्षं स्थिर दर आणि पुढे बदलता, तोही मोठ्या स्प्रेडचा. तीन, विमा. एकरकमी हप्त्याची कर्जसुरक्षा पॉलिसी कर्जाच्या रकमेतच घुसवलेली असते. ४० लाखांचं मुद्दल ४१ लाख कसं झालं, याचं उत्तर पुष्कळदा तिथे सापडतं. पॉलिसी घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही, असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा. विमा हवाच, पण साधा टर्म विमा वेगळा घेतला तर बऱ्याचदा स्वस्त पडतो आणि बँक बदलली तरी तुमच्याकडेच राहतो.

जुन्या कर्जासोबत अशी पॉलिसी असेल तर ती आपोआप नव्या बँकेकडे जात नाही. ती चालू ठेवून नामनिर्देशन बदलून घ्यायचं की परत करून उरलेला परतावा घ्यायचा, हे विमा कंपनीला विचारा. लोक ती विसरून जातात आणि पैसे तिथेच पडून राहतात.

पैसे हलण्याचा आठवडा

नव्या बँकेची मंजुरी लेखी हातात आल्यावरच जुन्या बँकेत ‘फोरक्लोजर लेटर’, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायच्या रकमेचं पत्र, मागा. ते मागताच तिथून फोन येईल आणि दर उतरवून देतो म्हणतील. पटलं तर लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर नवी मंजुरी सोडू नका, तिची मुदत ठरलेली असते.

बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. बँकांना ही मनाई २०१२ पासून आहे. पैसे स्वतःचे असोत की दुसऱ्या बँकेचे, फरक पडत नाही. पूर्ण स्थिर दराच्या कर्जाला मात्र करारात लिहिलेलं शुल्क लागू शकतं. आधी स्थिर आणि मग बदलता असं कर्ज असेल तर स्थिर टप्पा संपेपर्यंत थांबणं परवडतं का ते पाहा.

फोरक्लोजर लेटरमध्ये एका तारखेपर्यंतची रक्कम आणि त्यापुढे रोजचं व्याज दिलेलं असतं. ४० लाखांवर ८.७५ ने ते दिवसाला साधारण ९५९ रुपये. नव्या बँकेचा डीडी सहा दिवस उशिरा पोहोचला तर पावणेसहा हजार कमी पडतात, खातं बंद होत नाही आणि सगळी साखळी अडकते. दोन उपाय: डीडी ज्या दिवशी प्रत्यक्ष जमा होईल त्या दिवसाची रक्कम काढून घ्या आणि वर चार-पाच दिवसांचं व्याज जुन्या खात्यात भरण्याची तयारी ठेवा. रक्कम जास्त गेली तर परत मिळते, कमी गेली तर धावाधाव.

डीडी किंवा चेक जुन्या बँकेच्या नावाने, पुढे तुमचा कर्जखाते क्रमांक घालून काढलेला असतो. तो क्रमांक अंकन् अंक ताडून पाहा. टॉप-अपचं दुसरं खातं असेल तर त्याचा डीडी वेगळा हवा. मुख्य कर्ज फिटलं आणि टॉप-अप राहिला तर कागद सुटत नाहीत.

हप्त्याच्या तारखेच्या आदल्या चार-पाच दिवसांत डीडी भरू नका. जुना हप्ता एनएसीएचमधून, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापण्याच्या व्यवस्थेतून, कापायला आधीच पाठवलेला असतो. तो कापला जातो आणि परत यायला वेळ लागतो. हप्ता कापून झाल्यावर, महिन्याच्या पुढच्या दहा-बारा दिवसांत काम उरकलेलं बरं. खातं बंद झाल्यावर जुनं एनएसीएच रद्द करायचा अर्ज द्या. ते आपोआप रद्द होईल असं धरून चालू नका.

जुनं कर्ज ओव्हरड्राफ्ट प्रकारातलं असेल आणि त्यात तुमचे जास्तीचे पैसे ठेवलेले असतील, तर ते आधीच बचत खात्यात काढून घ्यायचे की फेडीत धरायचे, हे नव्या बँकेला रक्कम कळवण्याआधी ठरवा. नाहीतर मंजूर रक्कम आणि लागणारी रक्कम जुळत नाही.

कागद परत येईपर्यंत

डीडी जमा झाला की नव्या बँकेने पैसे दिलेले असतात आणि तारण अजून जुन्या बँकेतच असतं. हा सगळ्यात नाजूक काळ. काही बँका कागद जमा होईपर्यंत जास्त दर लावतात, तो किती आणि किती दिवस हे केएफएसमध्येच पाहून ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार, कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात आणि तारणाची नोंदही काढून टाकायची असते. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद गहाळ झाले असतील तर नकला काढून देण्याचा खर्च बँकेचा, त्यासाठी तिला आणखी ३० दिवस. भरपाई मागायची वेळ आली तर कर्ज फिटल्याची तारीख सिद्ध करता आली पाहिजे, म्हणून डीडी दिल्याची शिक्क्यासह पोच आणि शून्य बाकीचा उतारा जपून ठेवा.

कागद घ्यायला जाताना एलओडी सोबत न्या. पाकीट उघडून प्रत्येक दस्ताची पानं मोजा, नोंदणीचा क्रमांक सूची-२ शी ताडा, एलओडीतल्या प्रत्येक ओळीसमोर खूण करा आणि मगच पोचपावतीवर सही करा. घरी आल्यावर ‘एक पान नाही’ म्हणालात तर बँक तुमच्या सहीचा कागद दाखवते. सोबत नो ड्यूज प्रमाणपत्र आणि तारण म्हणून दिलेले कोरे चेकही मागून घ्या. कागद नव्या बँकेत जमा करताना तिच्याकडून नवी एलओडी लगेच, सहीशिक्क्याची घ्या. ‘महिन्याभरात पोस्टाने येईल’ ही सबब पत्करू नका.

महाराष्ट्रात कागद तारण ठेवल्यापासून ३० दिवसांत ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते, ऑनलाइनही करता येते. एजंट ती भरून देतो, पण कायद्याने जबाबदारी कर्जदाराची आहे, त्यामुळे दाखल झाल्याची पावती मागून घ्या. ‘सरसाय’ या मध्यवर्ती नोंदणीवर जुन्या बँकेचा बोजा उतरला का, तेही पाहा. तो राहून गेला तर वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही आणि घर विकायला काढलं की खरेदीदाराच्या बँकेचा वकील बरोबर तेच शोधून काढतो. सोसायटीच्या दप्तरातही जुन्या बँकेच्या बोजाची नोंद असते. नो ड्यूजची प्रत आणि नव्या बँकेचं पत्र सचिवांना देऊन पोच घ्या.

महिना-दीड महिन्याने क्रेडिट अहवाल पुन्हा काढा. जुनं कर्ज ‘बंद’ दिसलं पाहिजे. दोन्ही कर्जं चालू दिसत असतील तर पुढचं कोणतंही कर्ज अडेल; नो ड्यूज जोडून अहवाल देणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार टाका.

कागद किंवा पैसे अडले तर आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर, वकील न लावता आणि फी न भरता. जुनी संस्था गृहवित्त कंपनी असेल तर लोकपालाकडे जाऊ नका. ती तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे, म्हणजे एनएचबीकडे जाते.

आयकर भरताना त्या वर्षासाठी व्याजाची दोन प्रमाणपत्रं लागतील, दोन्ही बँकांकडून एकेक. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट नव्या बँकेच्या व्याजालाही मिळते, कारण हे कर्ज मूळ गृहकर्ज फेडण्यासाठीच घेतलेलं आहे. टॉप-अपचं व्याज मात्र तो पैसा घरासाठी वापरल्याचा पुरावा असेल तरच त्यात धरा. नवीन करप्रणालीत राहत्या घराला ही वजावट नाही. जुन्या बँकेचं प्रमाणपत्र खातं बंद होतानाच मागून घ्या. अॅपवरून ते खातं गायब झाल्यावर मार्चमध्ये शाखेत खेटे घालावे लागतात.